मुठीतला दोर

पनवेलच्या एका हॉटेलात मी चीफ इंजिनीअर होतो. बाहेरच्या कंपनीची माणसं दोरावर लटकून काचा पुसायला यायची. माझ्या सहीच्या परवान्याशिवाय कुणी गच्चीवर पाऊल टाकायचं नाही. सगळे मला खडूस म्हणायचे, आणि मी होतोच.

त्यांच्यात उरणकडचा एक कोळी होता. परवान्यावरचं त्याचं नाव आता आठवत नाही, मूठ आठवते. काम सुरू करण्याआधी तो डोळे मिटून अख्खा दोर मुठीतून सरकवायचा. एकदा मी तपासून सही केलेल्या दोरावरच ती मूठ थांबली. त्यानं पीळ उलगडून दाखवला. आतले धागे तुटले होते.

मी ओशाळलो. म्हणालो, "'वापरू नये' अशी चिठ्ठी लावून बाजूला ठेव."

त्यानं सुरी काढली आणि दोराचे दोन तुकडे केले. "चिठ्ठी ऱ्हात नाय, सायेब. घाईत कोनतरी तोच दोर नेतो. आमी होडीवर पन असाच कापतो."

आजही माझ्याकडे प्रत्येक कामाला परवाना लागतो. खराब दोर मात्र माझी माणसं आधी कापतात, मग मला सांगतात. माझ्या सहीवाचून होणारं ते एकच काम, आणि मला सगळ्यांत जास्त अभिमान त्याचाच आहे.