आईच्या शब्दांसाठी सर्व्हर

आईनं साताऱ्याला परत जायचं ठरवलं, त्याला कारण माझी लेक. आई म्हणायची, "जरा फडताळातून वाटी आण," आणि लेक नुसती बघत राहायची. "आजी, हिंदी में बोलो ना!" आईला हिंदी येतं, पण नातीशी हिंदीत बोलायला ती ह्या हिंदी मुलखातल्या द्वारकेला आली नव्हती. हळूहळू तिनं बोलणंच सोडलं. मला ते बघवेना.

मी ठरवलं, रोज आईनं फोनवरून एक शब्द आणि त्याचा अर्थ लिहायचा, लेकीनं तो टॅबवर वाचून वाक्य करायचं. जावा ह्या संगणकाच्या भाषेत एवढा प्रोग्रॅम लिहिणं माझ्या हातचा मळ. तो चालवणारा सर्व्हर मात्र मी आयुष्यात उभा केला नव्हता. आमच्या ऑफिसात ते काम दुसऱ्या टीमचं. आम्ही कोड लिहायचा आणि पलीकडे ढकलायचा. नवरा म्हणाला, "यार, फ्रिजवर चिठ्ठी चिकटव ना." मी ऐकते की काय! जुना लॅपटॉप काढला.

सर्व्हर सुरूच होईना, कारण जावा कुठे ठेवलंय हे त्याला सापडेना. ते दाखवलं. मग त्याला हवं असलेलं आत यायचं दार, म्हणजे पोर्ट, दुसऱ्याच प्रोग्रॅमनं अडवलेलं. दार बदललं. लॅपटॉपवर पान दिसलं, तर आईच्या फोनवर दिसेना, लॅपटॉपची राखणदार फायरवॉल आडवी. तिलाही वाट सोडायला लावली. ऑफिसच्या सवयीनं इंग्रजीत 'हॅलो', 'टेस्ट' टाकून पाहिलं, ते झळकलं आणि मी ऐटीत आईला बोलावलं.

आईनं चष्मा लावून 'हिरमुसणे' लिहिलं. पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं उमटली.

"ह्यालाही माझं कळत नाही वाटतं," आई म्हणाली आणि उठून गेली.

मला रडूच आलं. मराठीसाठी एवढा खटाटोप, आणि मी तपासलं इंग्रजीत! मग मात्र मी हट्टाला पेटले. सर्व्हर सगळी अक्षरं इंग्रजीच धरून चालला होता. त्याला मराठी अक्षरं कळावीत म्हणून कुठल्या फाइलीत कुठली ओळ घालायची ते शोधलं, घातली, सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला. तरी प्रश्नचिन्हं. आणखी एका जागी तेच सांगावं लागत होतं. तिथेही सांगितलं, आणि 'हिरमुसणे' जसंच्या तसं दिसलं.

आई रोज लिहू लागली, लेक वाचू लागली. पण तिकीट काढलेलं होतं. आई बॅग भरत होती तेव्हा लेक दारात येऊन म्हणाली, "आजी, तू चाललीस म्हणून मी बिल्कुल हिरमुसले आहे."

आईनं बॅग भरणं थांबवलं. मग मला म्हणाली, "हे तुझं साताऱ्याहून चालेल का गं?"

चालवता आलं असतं. ते कसं करायचं हे एव्हाना मला नीट ठाऊक होतं.

"नाही," मी म्हणाले. "फक्त ह्याच घरात चालतं."