चोवीस मिनिटांचा मंगळ

डाव्या हाताचा तळवा कपावर पालथा ठेवायचा, मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं आणि म्हणायचं, "थांबा अप्पा, अजून मंगळ हाय." आमच्या साहेबांची आठवण निघाली की मला आधी तो तळवा दिसतो. रुंद, उन्हानं रापलेला, मधल्या बोटाला शाईचा डाग. आणि त्याच वेळी माझ्या पोटात कावळे ओरडत असत, तेही आठवतं.

साहेब आपलं म्हणायचं. लातूरच्या मोजणी कार्यालयात ते भूकरमापक होते आणि मी लिपिक. आमची घरंही भिंतीला भिंत लागून. त्यांची बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन ठाण्याला गेलेली. ते बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. लातुरात त्यांच्या समाजाचं दुसरं घर निदान मला तरी माहीत नाही. खोली भाड्यानं घेताना घरमालकानं विचारलं होतं, "शनिवारी तुमच्यात काय करतात?" साहेब म्हणाले, "काहीच करत न्हाईत." मालकाला काय वाटलं कोण जाणे, पण त्यानं भाडं पन्नास रुपयांनी कमी केलं.

कामात माणूस भलता चिकट. रेणापूरकडं मोजणीला गेलो तर तीनदा मोजल्याशिवाय हद्दीचा दगड रोवू द्यायचे नाहीत. शेतकरी वैतागायचे, मीही वैतागायचो, कारण डबा खायची वेळ टळून जायची. ते टेप गुंडाळत म्हणायचे, "फूटभर चुकलं तर दोन पिढ्या एकमेकांशी बोलत न्हाईत, अप्पा." हे ते इतक्यांदा म्हणायचे की मी ऐकायचं सोडून दिलं होतं. ऐकायला हवं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी मला त्यांच्याकडं जेवण असे. एकट्यानं कसं जेवायचं, म्हणून बोलवायचे. गुरुवारी रात्री काळे मनुके पाण्यात भिजत घालायचे, शुक्रवारी ते कुस्करून, गाळून रस काढायचा. सूर्य मावळायच्या आत काचेच्या पेल्यात खोबरेल तेलाचा दिवा लागलेला, मोबाईल बंद केलेला, पांढऱ्या कापडाखाली दोन चपात्या झाकलेल्या. खिचडीचं पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवलेलं. चांदीच्या लहान कपात तो मनुक्यांचा रस काठोकाठ भरायचा, हातात घेऊन प्रार्थना म्हणायची, मग घोट घ्यायचा आणि मग जेवायचं. याला ते किद्दुश म्हणत. किद्दुशच्या आधी घास घ्यायचा नाही. याचं मला नवल नव्हतं. माझे वडील लिंगपूजा झाल्याशिवाय पाणीसुद्धा घेत नसत.

नवल होतं ते पुढचं. त्यांच्यातल्या जुन्या लोकांनी दिवसाचे तास ग्रहांना वाटून दिलेले. शुक्रवारी संध्याकाळी सहा ते सात हा तास मंगळाचा. तो तापट, भांडणं लावणारा. त्या तासात किद्दुश म्हणायचा नाही. उन्हाळ्यात अडचण नसे, सूर्यच सातला मावळतो. हिवाळ्यात मात्र प्रार्थना आटपून बाहेर तारे दिसेपर्यंत मंगळ दारात उभा असायचा.

"आमच्याकडं मंगळ पत्रिकेत बसतो," मी म्हणालो होतो. "माझ्या बहिणीचं लग्न सात वर्षं अडवलं त्यानं."

"तुमचा जन्मभर छळतो. आमचा आठवड्याला एक तास. तेवढा गप बसून काढायचा."

गप म्हणजे खरंच गप. त्या तासात बोलायचं नाही, बोललं की भांडण होतं, असं त्यांचं म्हणणं. बरं, सात वाजले की सुटका व्हावी, तर तेही नाही. साहेब मोजणीवाले पडले. "सरकारी घड्याळ मिर्झापूरच्या सूर्याचं," ते सांगायचे. "आपला सूर्य चोवीस मिनिटं मागं हाय. घड्याळ सरकारचं, पर मंगळ लातूरचा." म्हणून सात वाजून चोवीस मिनिटांनी तळवा उचलायचा. ती शेवटची चोवीस मिनिटं मी गोधडीतल्या पातेल्याकडं बघत काढायचो. बायको घरी हसायची, म्हणायची, "दोन घास खाऊन जात जा की." पण तसं करायला मन धजत नसे.

त्यांना एक थोरला भाऊ आहे, हे मला कार्यालयात आलेल्या एका फोनमुळे कळलं. मार्गशीर्षातले दिवस होते. नांदेडहून कुणीतरी बोलत होतं, आवाज अगदी साहेबांचाच, फक्त म्हातारा.

"मी त्याचा दादा बोलून राहिलो. तो माझा फोन उचलत न्हाई. एका शुक्रवारी यावं म्हणतो. त्याला विचारता का? सांगू नका, विचारा."

मी विचारलं. साहेब नकाशावर रेघ मारत होते. रेघ पुरी केली, पेन्सिल खाली ठेवली आणि मग बोलले. बावीस वर्षं झाली होती. नांदेडला आईच्या घरी असाच हिवाळ्यातला शुक्रवार. थोरल्यानं सात वाजता कप उचलला. त्याचं म्हणणं, सगळं जग सात म्हणतं तेव्हा सात. हे नुकते खात्याचं मोजणीचं नवं प्रशिक्षण घेऊन आलेले, अक्षांश-रेखांश डोक्यात गेलेले. यांनी कपावर हात ठेवला. नांदेडचा मंगळ एकवीस मिनिटं बाकी आहे म्हणाले.

"आई भुकेली होती, अप्पा. ती म्हणत होती, पोरांनो, घ्या कुणीतरी. आम्ही ऐकलं न्हाई. ओढाओढीत रस सांडला, सगळं कापड लाल. दादा म्हणला, नीघ. मी निघालो."

शब्बाथ, म्हणजे शुक्रवारी सूर्य मावळल्यापासूनचा विसाव्याचा दिवस, लागलेला; त्यात गाडीत बसायचं नाही. ते चालत बसस्टँडवर गेले आणि शनिवारी तारे दिसेपर्यंत बाकावर बसून राहिले. समोरून लातूरच्या गाड्या जात होत्या. त्या हिवाळ्यातच आई गेली. सुतकात दोघं भाऊ एका खोलीत सात दिवस जमिनीवर बसले आणि एकमेकांशी बोलले नाहीत.

"भांडण होऊ नये म्हणून तो तास टाळायचा," साहेब म्हणाले, "आणि मी नेमका त्याच तासात, त्याच तासावरनं भांडलो." मग पेन्सिल उचलून म्हणाले, "येऊ द्या त्याला."

ठरलेल्या शुक्रवारी थोरल्यांची गाडी चारला यायची होती. साडेचार झाले, पाच झाले. अहमदपूरच्या पुढं टायर फुटलं होतं. मी बसस्टँडवर स्कूटरला टेकून घड्याळ आणि सूर्य असे आळीपाळीनं बघत होतो. सूर्य मावळला तर हा म्हातारा स्कूटरवर बसणार नाही, इथंच बाकावर बसेल, आणि साहेबांना वाटेल आलाच नाही. पाच पंचवीसला गाडी लागली. साहेबांचाच चेहरा, वर पांढरी दाढी, असा माणूस सगळ्यांत शेवटी उतरला.

मी त्यांना मागं बसवलं आणि बाजारातल्या गर्दीतून हॉर्न वाजवत निघालो. त्यांनी माझे खांदे धरले होते. उजवा हात माझ्या खांद्यावर सारखा आपटत होता.

"थंडी वाजते का?"

"हाव, थंडीच," ते म्हणाले. मग गल्लीच्या तोंडाशी माझ्या कानाजवळ आले. "थंडी न्हाई. कंपवात हाय. त्याला बोलू नका. मीच सांगतो."

दारात साहेब उभे होते. दिवा लागलेला होता. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. "आलास," साहेब म्हणाले. "आलो," थोरले म्हणाले, आणि हात खिशातून न काढता आत गेले. साहेबांनी पाया पडायला वाकू की नको असं करून अखेर पाणी आणून ठेवलं. थोरल्यांनी पेल्याला हात लावला नाही.

दोघांनी टोप्या घातल्या, प्रार्थना म्हटली. चाली एकच, आवाजही एकच, पण एकमेकांकडं नजर नाही. मग साहेबांनी कप काठोकाठ भरला, त्यावर तळवा ठेवला आणि मंगळाचा तास सुरू झाला.

असा तास मी जन्मात काढला नाही. मधे मी बसलेलो. एका बाजूला कपावर तळवा, दुसऱ्या बाजूला टेबलाखाली लपवलेले दोन हात. साहेब भावाकडं बघायचे आणि त्यांचा जबडा आवळायचा. पाण्याला हात लावला नाही, टेबलावर हात ठेवत नाही, म्हणजे हा अजून रागातच आहे, असं त्यांना वाटत होतं. मला ते स्पष्ट दिसत होतं. खरं काय ते मला माहीत होतं आणि बोलायची बंदी होती, एक त्या तासाची आणि दुसरी म्हाताऱ्याची. थोरले दोनदा बोलायला ओठ उघडून गप झाले. त्या तासात बोलायचं नाही हे लहानपणापासून अंगात मुरलेलं.

घड्याळात सात वाजले. साहेबांनी टोल मोजले. मग एक गोष्ट झाली जी मी कधी बघितली नव्हती. चोवीस मिनिटं बाकी असताना त्यांनी तळवा उचलला आणि कप भावापुढं सरकवला.

"घे दादा. तुझे सात झाले."

थोरले हलले नाहीत. कपाकडं बघत बसले. मी मनात म्हणालो, सांगा हो, आता तरी सांगा.

"घे म्हणलं ना. माझा मंगळ सोडला मी. अजून काय पायजे?"

"तूच म्हण," थोरले म्हणाले. "घर तुझं हाय."

"तू थोरला हायेस! माझ्या हातचं पाणी चालंना, कपाला हात लावायला जड जातंय, मंग आलास कामून? बावीस वर्षांनी मला हेच दाखवायला आलास?" साहेबांचा आवाज चढला. टेबलावर हात आपटला, दिव्याची ज्योत हलली. मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. आता थोरले उठणार, चालत बसस्टँडवर जाणार, उद्या संध्याकाळपर्यंत बाकावर बसणार, आणि पुन्हा बावीस वर्षं यांच्यापाशी आहेत कुठं? मला त्या दोघांचा भयंकर राग आला. पोटात अन्न नसलं की मला तसाही राग लवकर येतो.

"अहो, हात बघा त्यांचे!" मी ओरडलो.

थोरल्यांनी माझ्याकडं बघितलं. मग हळूच दोन्ही हात वर आणून पांढऱ्या कापडावर ठेवले. उजवा हात थडथडत होता. त्याचा धक्का लागून ताटली वाजायला लागली.

"सांडंल रे," ते म्हणाले. "मागल्या बारीला सांडलं, तसं पुन्हा सांडंल. म्हणून उचलंना."

साहेब ताटलीचा आवाज ऐकत बसले. मग उठून भावाच्या शेजारी आले, कप त्याच्या हातात दिला आणि तोच तळवा, जो बावीस वर्षं कपावर पालथा पडत होता, तो उताणा करून भावाच्या हाताखाली धरला. कप तरीही हलतच होता. थोरल्यांनी प्रार्थना सुरू केली. मधेच ते अडले तेव्हा पुढचे शब्द धाकट्यानं म्हटले. रस थोडा सांडलाच. मी फडकं घ्यायला उठलो तर साहेब म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, अप्पा." मी मान खाली घालून रडून घेतलं. घड्याळात सात वाजून नऊ मिनिटं झाली होती, म्हणजे साहेबांच्या हिशेबानं भर मंगळात. त्या रात्री खिचडी खारट झाली होती आणि आम्ही तिघांनी पातेलं खरवडून खाल्लं.

पुढच्या महिन्यात साहेब नांदेडला राहायला गेले. निवृत्तीला वर्ष उरलेलं, तरी रजा टाकून गेले. टेप, नकाशे, पुस्तकं सगळं नेलं. घड्याळ मात्र मला देऊन गेले. मी म्हणालो, "तिकडं वेळ कसा बघणार?" त्यांनी भिंतीतला खिळाही उपटून माझ्या हातात दिला.

गेल्या हिवाळ्यात एका कामासाठी नांदेडला गेलो, तेव्हा शुक्रवार साधून त्यांच्याकडं गेलो. थोरले बरेच खंगले होते. दिवा लागला, प्रार्थना झाली, कप भरला, पण आता निम्माच. मी सवयीनं भिंतीकडं बघितलं. भिंतीवर घड्याळ नव्हतं.

"नांदेडचे एकवीस धरता की सात?" मी विचारलं.

साहेब भावाच्या हाताकडं बघत होते. टेबलावर तो थडथडत होता, आणि त्यांचा तळवा शेजारी उताणा पडून होता.

"आता ते काही बघत न्हाई, अप्पा," ते हळू आवाजात म्हणाले. "याचा हात जरा थांबला की घेतो."

आम्ही तिघं वाट बघत बसलो.