तिसऱ्या दुकानातला डाग

धाकटे, हे वाचून तू आठ दिवस माझ्याशी बोलणार नाहीस. नको बोलूस. समोर बसून सांगावं तर पहिल्याच वाक्याला तोडतेस, म्हणून लिहितेय. आणि लिहिताना तुला 'ती'च म्हणणार आहे, मला 'थोरली', म्हणजे तुला मध्ये तोंड घालता यायचं नाही.

तर ही धाकटी जाऊ. एका मोठ्या लाँड्री कंपनीची तीन दुकानं तिच्याकडे होती. नाव, यंत्रं आणि नियमांचं पुस्तक कंपनीचं, राबणं हिचं. पहिलं दुकान चाललं ते हिच्या बोटांवर. कापडाला हात लावला की डाग चहाचा की गंजाचा, ही सांगून मोकळी. म्हणून कंपनीने दुसरं दिलं, मग तिसरं. बोटं मात्र दहाच राहिली. तिन्हीकडे हिचा एकच हुकूम, "डाग दिसला की मला फोन. पुस्तकबिस्तक उघडायचं नाही." पुस्तकं प्लॅस्टिकसकट फळीवर पडून, आणि ही दिवसभर स्कूटरवर.

तिन्ही दुकानांचा करार एकच होता, तो संपत आला. एक दुकान गेलं की तिन्ही जाणार. कंपनीचा तपासनीस सांगून गेला, "मंगळवारी कुठल्याही दुकानात यायचं नाही, फोनही घ्यायचा नाही. तुमच्यावाचून दुकान चालतं का, तेवढंच बघायचंय."

मंगळवारी सकाळपासून ती थोरल्या जावेच्या स्वयंपाकघरात बसून होती. फोन टेबलावर पालथा.

"चहा घे."

"नको. मी काय पाहुणी आहे?"

"पाहुणी असतीस तर बरं झालं असतं. निदान नखं खाल्ली नसतीस."

बाराच्या सुमाराला फोन थरथरला. तिसरं दुकान. तिथे काउंटरवर एक पूर्वीची बसकंडक्टर होती. तोंडाने फटकळ, गिऱ्हाइकालाही "पुढे सरका" म्हणायची. थोरलीने फोनवर हात ठेवला.

"उचललास तर तिन्ही गेली."

"रेशीम असेल हो ताई! त्यावर ती गरम पाणी ओतेल!"

"ओतू दे."

"तुमचं काय जातंय ओतू दे म्हणायला!"

फोन चारदा वाजला आणि गप्प झाला. ते जास्त वाईट झालं. धाकटी उठली, ओट्यापाशी गेली, परत बसली. "तोंड धुऊन येते," म्हणाली. मागचं दार वाजलं, पाठोपाठ स्कूटर.

ती दुकानात शिरली तेव्हा कंडक्टरबाई चष्मा नाकावर ओढून पुस्तक मोठ्याने वाचत होती. "आता दुसरं औषध. आधी आतल्या शिवणीवर एक थेंब. रंग सुटला नाही. चला, पुढे." समोर रेशमी जाकीट, त्यावरचा तपकिरी डाग निम्मा गेलेला. काउंटरपलीकडे गिऱ्हाईक बनून खुद्द तपासनीस उभा. धाकटीला तो दिसलाच नाही. तिने बाईच्या हातातला बोळा हिसकावला.

"बाजूला व्हा! असं चोळतात का?"

"मॅडम, निघतोय की डाग!"

"तुम्हाला काय कळतं त्यातलं!"

तपासनिसाने खिशातून कागद काढला. "दुकान पास झालं होतं, बाई. तुम्ही नापास केलंत."

तरी त्याने तीन महिन्यांची मुदत दिली. तेवढ्या मुदतीत कंडक्टरबाईंना तिसऱ्या दुकानाच्या प्रमुख म्हणून नेमल्याचं पत्र कंपनीला द्यायचं, तेही घरातल्या एका साक्षीदारासह तिच्या कचेरीत स्वतः जाऊन. नाहीतर करार संपला. साक्षीदार थोरली. सहा ओळींचं पत्र तिनेच त्या संध्याकाळी लिहून दिलं. धाकटीने सही करायला इतका वेळ लावला की थोरलीने दोनदा विचारलं, पेन संपलंय का? सोमवारी दोघींनी जायचं ठरलं.

सोमवारी दुसऱ्या दुकानातलं यंत्र बिघडलं. पुढच्या सोमवारी, "ताई, त्या अजून कच्च्या आहेत हो, महिनाभर बघते." मग थोरलीचीच कंबर धरली, त्यात तीन सोमवार गेले, तिचाही दोष आहेच. शेवटी मुदतीचा एकच सोमवार उरला. थोरली चपला घालून, पत्र पर्समध्ये टाकून सकाळी अकराला दारातल्या खुर्चीत बसली. दीडला फोन केला.

"निघतेच हो ताई. गिऱ्हाईक उभं आहे."

कचेरी पाचला बंद होते. थोरलीने साडेपाचला चपला काढल्या.