मानेवरचा हात

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. आबा, म्हणजे माझे वडील, धुळ्याच्या गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे आणि पाळी सुटली की गेटवर युनियनची पत्रकं वाटायचे. उरलेला गठ्ठा घरी यायचा. फडताळात डब्यांच्या खाली तीच पत्रकं, भाकरीच्या टोपलीत तीच आणि माझ्या हातातही तीच. शाळेतल्या धड्यांपेक्षा 'कामगार बंधूंनो' हेच शब्द मला आधी पाठ झाले.

साच्यांचा वेग वाढवून माणसं कमी करायचा घाट मालकानं घातला, तेव्हा युनियननं संप केला नाही. सगळ्यांनी कामावर जायचं, साच्यापाशी उभं राहायचं आणि हात सैल सोडायचा, असं ठरलं. आबा याला सावकाश काम म्हणायचे. मी विचारलं होतं, ही चोरी नाही का?

"हात आपला शे," आबा म्हणाले. "मालक साचा इकत लेस, हात नही."

हे मी कधी विसरले नाही. ते स्वतः मात्र विसरले. ते कुठे आणि कसं, ते मी पाहिलं आहे.

माझा मोठा भाऊ पैलवान होता. जळगावात मामा राहायचे मेहरूणला. तिथल्या तालमीत तो मिसरूड फुटायच्या आधीपासून होता. खुराक तालमीचा, झोपायला तालमीचीच ओसरी. थंडी संपली की जत्रांचा हंगाम सुरू व्हायचा आणि एसटीच्या टपावर वळकटी टाकून तो गावोगाव कुस्त्या करत फिरायचा. बक्षिसाचा पितळी हंडा आणि फेटा घेऊन तो घरी आला की आबा त्याला आख्ख्या चाळीतून फिरवून आणत.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी अकरावीत होते. होळीच्या सुट्टीत मामांकडे गेले, तर भाऊ तलावाच्या काठी बसलेला दिसला. मी मागून हाक मारली. त्यानं मान वळवली नाही, सगळं अंगच वळवलं, बैलगाडी वळते तसं.

सरावात कुणीतरी त्याला डोक्यावर टाकलं होतं. डॉक्टरनं फोटो काढून सांगितलं होतं की मणका सरकलाय, आणखी एक दणका बसला तर हात जाईल. हे त्याला, मामींना आणि त्या दिवसापासून मला ठाऊक होतं.

"सोडी दे ना मंग," मी म्हणाले.

"हाऊ एक हंगाम. मंग वस्ताद माले पोरं शिकाडाले ठेवी लेतीन. आत्तेच सांगं तर वळकटी बांधीसन घर धाडतीन. मोडेल पैलवानले दूध कोन पाजस?"

"आनि हंगाम कसा काढशी?"

तो हसला. "शिरपूरना पैलवान शे ना. त्यानी नि मन्ही जोड लागस."

मग त्यानं मला सगळं समजावून सांगितलं. शिरपूरचा तो पैलवान वयानं थोडा मोठा, दोन लेकरांचा बाप. त्याचाही गुडघा गेलेला होता. दोघं जत्रेत वेगवेगळ्या गाड्यांनी यायचे, एकमेकांना ओळखतच नाही असं दाखवायचे आणि आपली जोड लावून घ्यायचे. कुस्तीच्या सुरुवातीला पैलवान एकमेकांच्या मानेवर हात टाकतात, रेटतात, अंदाज घेतात. हे दोघं शेवटपर्यंत तेवढंच करायचे. अर्धा तास. मग पंच कंटाळून कुस्ती बरोबरीत सोडवायचे. अशा ठरवून केलेल्या कुस्तीला आमच्याकडे नुरा म्हणतात आणि हा शब्द शिवीसारखाच वापरतात.

"तू कुस्ती खेयस का फुगडी?" मी म्हणाले.

"फुगडीमा बी दम लागस," तो म्हणाला आणि लगेच गंभीर झाला. "त्याना हात मन्ही मानवर ऱ्हास. पन वजन नही ऱ्हात. कोनले सांगू नको हां. आबाले तं नहीच."

माझ्या डोक्यात गिरणी आली. वेग वाढवणारे जत्रेचे लोक, सैल सोडलेला हात. मला भावाचा अभिमान वाटला. आजही वाटतो. अंग राखून काम करणाऱ्याला हरामखोर म्हणणाऱ्यांनी आधी अंग कुणाचं ते सांगावं.

चैत्रात दोंडाईच्याजवळच्या आमच्या मूळ गावी जत्रा भरली. आबा दरवर्षी जायचे. गावात त्यांना मान होता. गिरणीतला पुढारी, त्यातून पैलवानाचा बाप. त्या वर्षी शेवटची कुस्ती भावाची लावली होती. कुणाशी, ते पुकारलं तेव्हा मला हायसं वाटलं. शिरपूर.

बायकांना आखाड्याजवळ जाऊ देत नसत. माती बाटते म्हणे. जी माती बाप्यांनी चाळून, ताक आणि तेल ओतून मऊ केलेली असते, ती आमच्या सावलीनं बाटते. आम्ही जवळच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, बसून बघायचो. तिथून सगळं दिसायचं. अगदी भावाच्या मानेवर पडलेला तो हातसुद्धा. त्यात वजन नव्हतं. मला ठाऊक होतं म्हणून मला दिसलं, असं मी समजत होते. पण तसं नव्हतं. ते सगळ्यांनाच दिसत होतं.

"हाई कुस्ती शे का गयाभेट?" खालून कुणीतरी ओरडलं.

"दोन्हीसनं लगीन लाई द्या!"

"अरे, उठाडा त्यासले, झोपी ग्यात!"

माणसं हसत होती. हलगीवाल्यानं ठेका वाढवला, तरी ते दोघे तसेच, दोन म्हशी शिंगं लावून उभ्या राहाव्यात तसे. मग हसणं थांबलं आणि "नुरा! नुरा!" सुरू झालं. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या अक्का कपाळावर हात मारून म्हणाल्या, "काय वं, तुन्हा भाऊ तं उभा उभाच म्हतारा व्हई ग्या."

तेवढ्यात कासाराच्या दुकानाकडून काही पोरं धावत आली. त्यांच्या हातात बांगड्या होत्या, हिरव्या, काचेच्या. "बांगड्या भरा रे!" म्हणत त्यांनी त्या आखाड्यात फेकल्या. पंचाचा हात चुकवून आणखी फेकल्या. काही मातीत रुतल्या, काही एकमेकींवर आपटून फुटल्या. ज्या मातीला बाईची सावली चालत नव्हती, तिच्यात बाईची काच पेरली. आता तिथे दोन उघडी माणसं लोळणार आहेत, हे त्या हजारभर शहाण्यांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पंचांनी कुस्ती थांबवली. मला वाटलं, सुटला. पण जत्रेच्या समितीची माणसं एकमेकांच्या कानाला लागली आणि भोंग्यावरून पुकारा झाला, की लोकांची इच्छा असेल तर कुस्ती निकाली होईल. म्हणजे एक चीत होईपर्यंत सोडवायची नाही.

"निकाली करा!" पहिला आवाज आला तो पुढच्या रांगेतून, आणि तो आबांचा होता.

ते उठून उभे राहिले होते. फेटा हातात घेतलेला. सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं आणि ते मुलाकडे. "निकाली करा! मन्हा पोऱ्या शे तो! नुरा नही खेयाव!"

मी शिडीवरून उतरले. अक्का ओरडत राहिल्या. गर्दीत घुसले, कोपरं खाल्ली. "बाई उनी रे, बाई उनी," असा गलका झाला. दोरापाशी एकानं माझा दंड धरला, पण तोवर मी आबांपर्यंत पोचले होते.

"आबा, भाऊनी मान गयेल शे. डाक्टर नही म्हनेल शे. थांबाडा."

त्यांनी ऐकलं. हलगी वाजत होती, पण मी त्यांच्या कानाशी होते. त्यांचा चेहरा बदलला. ते आखाड्याकडे वळले, तोंड उघडलं, मग मागे बसलेल्या भाऊबंदांकडे बघितलं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

"मंग तो उतरना कसाले?" ते मला म्हणाले, आणि फेटा डोक्यावर ठेवून खाली बसले.

भावानं हे सगळं पाहिलं होतं. मला, आबांना, मातीतल्या हिरव्या काचांना. त्यानं वाकून माती उचलली, अंगाला चोळली आणि शिरपूरच्या पैलवानाला काहीतरी म्हणाला. तो पैलवान मान हलवून नाही नाही म्हणत होता. भावानं त्याला थोबाडीत मारली. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

पुढची कुस्ती खरी होती. मी म्हणते ना, खरी. भावानं गुडघ्यावर झेप घेतली, त्याच दुखऱ्या गुडघ्यावर, आणि त्या माणसानं कळवळून, स्वतःला वाचवायला, भावाच्या मानेवर हात टाकला. या वेळी वजनासकट.

भावाला चीत करून तो उठला नाही. तिथेच बसला आणि भावाचं डोकं मांडीवर घेऊन पंचांना हाका मारू लागला. हंडा द्यायला आलेली समितीची माणसं हंडा घेऊन तशीच उभी. भावाच्या पाठीत काचा घुसल्या होत्या. दोंडाईच्याच्या दवाखान्यात त्या काढताना तो म्हणाला, डावीकडच्या लागत नाहीत. तेव्हा डॉक्टरनं चिमटा खाली ठेवला.

डावा हात कायमचा गेला. वस्तादांनी वळकटी मामांकडे पोचती केली. आबांनी त्यानंतर मला एकही पत्रक वाचायला सांगितलं नाही आणि मीही त्यांच्या हातातलं एकही घेतलं नाही. आता मी माझी लिहिते.

मधे बरीच वर्षं गेली. गिरणी बंद पडली. गेल्या हंगामात धुळ्यातल्या एका कुस्त्यांच्या दंगलीला मी भावाबरोबर गेले. आता बायकांना खुर्च्या ठेवतात. शेवटची जोड उभी राहिली आणि लगेच कळलं, दोघंही थकलेले, एकमेकांवर नुसते रेललेले. सगळ्यात आधी ओरडला तो माझा भाऊ.

"नुरा! नुरा! बांगड्या भरा रे!"

त्याला टाळी वाजवता येत नाही. उजव्या हातानं तो आपल्याच डाव्या दंडावर थापा मारत होता, जोरजोरानं, आणि दंडाला ते कळत नव्हतं. मी त्याचा हात धरला.

"भाऊ, त्यानी बी मान दुखत व्हई."

त्यानं माझ्याकडे वळून बघितलं. अजूनही सगळं अंगच वळवतो.

"मंग तो उतरना कसाले?" तो म्हणाला.

कुस्ती बरोबरीत सुटली. दोघे पैलवान माना खाली घालून, शिव्या खात बाहेर निघाले. मी उभी राहिले आणि टाळ्या वाजवल्या. तेवढ्या गर्दीत मी एकटीच. जवळून जाताना त्यांतला एक थांबला आणि माझ्याकडे डोळे वटारून बघून गेला. त्याला वाटलं, मीही टिंगलच करते आहे.