गावचा देव कुठला?

थांबा, हे आत्ताच सांगायचंय. उद्यापर्यंत मी शांत होईन आणि मला शांत व्हायचंच नाहीये.

आमच्या घाटकोपरच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या काकूंकडे तीन महिने एक मुलगी राहत होती, चोवीस तासांच्या कामाला. झारखंडची. पंधरा-सोळाची असेल, काकू अठरा सांगायच्या. एजंटने आणून दिलेली. तिचं आधार कार्ड त्याच्याकडे, फोन नाही, काकू बाहेर गेल्या की दाराला बाहेरून कुलूप. आणि मी? रोज ते कुलूप बघत जिमला जायचे. लाज वाटते यार.

आज सकाळी तो एजंट तिला न्यायला आला. म्हणे दुसरीकडे चांगलं काम आहे, गुजरातला. ती पॅसेजमध्ये पिशवी छातीशी धरून उभी. आई कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर आली आणि मालवणी माणूस जे करतो तेच तिने केलं, चौकशी. ही कोण तुझी? तो म्हणाला, सगी भांजी, एकाच गावचे आम्ही. झालं! गाव निघालं की आमच्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला, लग्नाच्या मांडवातसुद्धा चुकत नाही.

"गाव का देव कौनसा तुमारा?"

तो अडखळला, मग म्हणाला, हनुमानजी, बडा मंदिर है.

मुलगी खाली बघत म्हणाली, "हमारे गाँव में तो गिरजा है."

गिरजा म्हणजे चर्च! तीन महिन्यांत मी ऐकलेलं तिचं पहिलं वाक्य.

आईने तिचा हात धरून तिला आमच्या घरात घेतलं. मला म्हणाली, "फोन लाव गो, बघतस काय?" मी मुलांच्या हेल्पलाइनला लावला. तेवढ्यात तो जिन्याने पळाला, तिचं कार्ड घेऊनच. हेल्पलाइनची ताई पोलिसांना घेऊन आली. वॉचमनच्या वहीत बघितलं, तर त्या माणसाने दर वेळी वेगळंच नाव लिहिलेलं. तीन महिने कोणी वाचलं नाही.

आणि काकू काय म्हणाव्यात? आता मला बाई कोण देणार! कुलूप म्हणे तिच्याच सेफ्टीसाठी होतं.

"मगे चावी तिच्याकडे कित्याक नाय?" आईने विचारलं. काकूंनी दार लावून घेतलं.

ती ताईबरोबर लिफ्टमध्ये शिरली तेव्हा मी तिला नाव विचारलं. तीन महिन्यांनी. आई तीन मिनिटांत गावच्या देवापर्यंत पोचली होती.

तुमच्या मजल्यावर आहे का असं बाहेरून लावलेलं कुलूप? तुम्हीपण रोज बघून पुढे जाता का, माझ्यासारखे? खरं सांगा.