कालीपाने झुंबर उतरवलं

किर्गिझस्तानातल्या नारीनमध्ये थोरल्या दिराचं नाव सुनेने तोंडातून काढायचं नसतं. कालीपाने उभ्या संसारात काढलं नाही. मनातल्या मनात मात्र ती त्यांना 'फर्मान' म्हणायची, कारण त्यांनी तोंड उघडलं की हुकूमच बाहेर पडायचा. आपणही त्यांना तेच म्हणू.

फर्मानांचं ताजं फर्मान असं होतं: कालीपाचे डोळे गेले. तेव्हा तिने शिर्दाक शिवणं पुरे करावं, फ्लॅटला कुलूप घालावं आणि आपल्याकडे राहायला यावं. ऐकायला किती गोड! विधवा भावजयीची केवढी ती काळजी! पण त्या घरात पाय टेकला की अंथरुणाला खिळलेली जाऊ, पाच नातवंडं आणि पहाटेपासून चुलीवर चढलेला चहा, हे सगळं आपल्याच गळ्यात पडणार, हे कालीपाला पक्कं ठाऊक होतं.

फर्मानांकडे पुरावाही होता. लोकरीच्या नमद्यातून नक्षी कापायची, रंगाला रंग जोडून शिवायचं, की जमिनीवर अंथरायचा शिर्दाक तयार होतो. कालीपाचं अर्धं आयुष्य त्यात गेलं. पण मागच्या शिर्दाकात तिने काळ्या शिंगांच्या नक्षीत एक शिंग गडद तपकिरी शिवलं. गिऱ्हाइकाने तो परत पाठवला आणि गावभर बोभाटा झाला.

कालीपाही घाबरली, खोटं कशाला बोला. रात्रभर तिला झोप आली नाही. दिवस उजाडल्यावर तिने तो शिर्दाक बाल्कनीत नेला. तिथे काळं काळंच दिसलं आणि तपकिरी तपकिरी. म्हणजे डोळे शाबूत होते, खोट घरातल्या उजेडात होती. पण नारीनच्या थंडीत बाल्कनीत सुई धरली तर बोटं झडायची. स्वयंपाकघर वीतभर. राहिली ती पाहुण्यांची मोठी खोली. वर्षभर बंद, गालिचे घातलेली, आणि मधोमध काचेच्या लोलकांचं झुंबर. ते झुंबर लग्नात फर्मानांनी दिलेलं आणि त्यांनीच टांगलेलं. उजेड पाडायचं ते फक्त स्वतःवर.

तिने वायरमनला बोलावलं. तो वर बघून मागेच सरला.

"झुंबर काढायचं म्हणता, आपा? थोरल्यांना विचारलंत का?"

"छत त्यांचं आहे का?"

"तसं नाही, पण उद्या मला शिव्या पडतील ना!"

तो गेला. कालीपा तडक बाजारात गेली आणि छताला लावायची लांब पट्टी घेऊन आली. पट्टीवर दिवे हवे तिकडे सरकवायचे, हवे तसे वळवायचे. दुकानदाराने हसत विचारलं, "लावणार कोण?"

"मी. नमद्यावर रेघ मारता येते, छतावर येणार नाही होय?"

आणि आली की! जिन्यातल्या पेटीतला दिव्यांचा फ्यूज काढून तिने खिशात टाकला. झुंबर उतरवून दुलईत गुंडाळलं. खडू चोळलेला दोरा छतावर ताणून टणकन सोडला आणि नमद्यावर पडते तशी सरळ रेघ उमटली. प्लास्टिकच्या बाटलीचं बूड ड्रिलच्या टोकावर ओवलं, म्हणजे चुरा डोळ्यांत नको. काँक्रीट कसलं, दगडच तो! खांदे भरून आले. भोकात गिट्टी, गिट्टीत स्क्रू.

ती घोडीवर चढून शेवटचा स्क्रू आवळत होती, तेव्हा फर्मान आत आले. थोरले लोक घंटी वाजवत नाहीत.

थोरले आले की सुनेने उभं राहायचं, कमरेत वाकून सलाम करायचा. ही तर त्यांच्या डोक्याच्या वर उभी, पाठ त्यांच्याकडे. स्क्रू बसला होता. उतरता आलं असतं. कालीपा उतरली नाही.

"कालीपा! खाली उतर. सलाम विसरलीस?"

"विसरले नाही, भावजी. काम चालू आहे."

"झुंबर कुठाय? डोळ्यांबरोबर अक्कलपण गेली का तुझी?"

तिने वरूनच त्यांच्या तळहातावर वायरचा एक तुकडा टाकला. टोकाला जळून कोळसा झालेली गाठ होती. या जुन्या इमारतींत भिंतीतली तार अ‍ॅल्युमिनियमची आणि झुंबराची तांब्याची. दोघींना नुसतं पिळून बांधलं, की त्या सवतींसारख्या एकमेकींना जाळतात. इथल्या निम्म्या घरांत असंच बांधलेलं असतं. नव्या पट्टीच्या तारेला कालीपाने मध्ये पितळी जोड घातला होता.

"तुमचीच गाठ आहे ही. आणखी थोडे दिवस गेले असते, तर घर पेटलं असतं."

फर्मानांनी गाठ उलटीसुलटी करून पाहिली आणि विषय बदलला. "पाहुणे आले तर बसवशील कुठे?"

"हे गेल्यापासून कोण आलं? तुम्ही आज आलात, ते मला घेऊन जायला."

मग ती उतरली, त्यांना वळसा घालून जिन्यात गेली, फ्यूज बसवून आली आणि बटण दाबलं. पांढराशुभ्र उजेड गालिच्यावर पडला. फर्मानांनी डोळ्यांवर हात धरला.

कालीपाने परत आलेला शिर्दाक पसरला. ते तपकिरी शिंग आता दारातूनही दिसत होतं.

"बघ," फर्मान म्हणाले, "असलं शिवलंस तू."

"शिवलं. आता उसवते."

खोलीत दारासमोरच्या भिंतीजवळची जागा मानाची. तिथे थोरले बसतात, सून दाराशी बसते, चहा ओतते. कालीपा या घरात आली तेव्हापासून दाराशीच बसत आलेली. दिव्यांची पट्टी तिने नेमकी त्या मानाच्या जागेच्या वर बसवली होती. ती सरळ तिथे गेली, मांडी घालून बसली, शिर्दाक मांडीवर ओढला आणि तपकिरी शिंगाचा टाका सुरीच्या टोकाने कापला.

फर्मान घोडीजवळ तसेच उभे होते. जन्मात पहिल्यांदाच त्यांना कुठे बसावं ते कळेना.

"उभे का, भावजी?" कालीपा मान वर न करता म्हणाली. "बसा की. दाराशी जागा आहे."