गाडी किती उंच करायची

हेमांगी गायधनी कृत्रिम पाय बनवते आणि बसवते. दिल्लीत किदवईनगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये तिचं घर आमच्या समोरच. नवरा श्रीपाद एका केंद्रीय मंत्रालयात, ती एका हॉस्पिटलात. मूळची सिन्नरची, पण दिल्लीत आता इतकी रुळलीय की भांडताना आपोआप हिंदीत शिरते.

रविवारी मात्र ती घरी सापडत नाही. नवा पाय टोचायला लागला की खेड्यातला माणूस तो काढून माळ्यावर टाकतो, कारण दुरुस्तीसाठी पुन्हा दिल्लीला येणं त्याला जमत नाही. हे लक्षात आल्यावर हेमांगीने एक पिकअप घेतली. मागे प्लास्टरच्या पिशव्या, घासायचं मशीन, छोटा जनरेटर, आणि गुरुग्रामच्या पलीकडे नूहकडच्या अरवलीच्या पायथ्याशी ती गावोगाव फिरायला लागली. पेशंटला गाडीच्या मागच्या फाळक्यावर बसवायचं आणि तिथेच पाय नीट करून द्यायचा. मीही अधूनमधून सोबत जाते, हाताखाली काहीतरी करायला.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका रविवारी आमची गाडी कोरड्या नाल्याच्या वाळूत रुतली. चाक फिरवावं तसं ते आणखी खोल जाई, आणि खाली कुठेतरी दगडावर पत्रा घासल्याचा आवाज येई. पलीकडच्या वस्तीत अस्मिना नावाची बाई वाट पाहत होती. शेळ्या राखायची ती. ट्रॅक्टरखाली तिचा पाय गुडघ्याखालून गेला होता. हेमांगीने फोन करून सांगितलं, "आज नहीं पहुँच पाएँगे, अगले हफ्ते आते हैं."

आम्ही चाकाखाली फांद्या घालत होतो, तेवढ्यात वाळूतून अस्मिनाच येताना दिसली. दोन्ही काखांत कुबड्या. प्रत्येक पावलाला कुबडी रुते, ती थांबे, उपसून काढे, पुढे येई. गाडीपाशी पोचली तेव्हा तिची ओढणी घामाने भिजली होती.

"आप नहीं आ सकीं, तो मैं आ गई," ती म्हणाली.

हेमांगीने तिचं माप घेतलं, साचा काढला, नेहमीसारखं हसून बोलली. मग वस्तीतल्या माणसांनी गाडी ढकलून बाहेर काढली. परतीच्या वाटेवर सोहना गाव ओलांडल्यावर हेमांगी म्हणाली, "पाय नसलेलं माणूस माझ्यापर्यंत चालत आलं, यार. हे उलटं झालं."

पुढच्याच आठवड्यात गाडी उंच करून घ्यायला आम्ही गुरुग्रामच्या एका गाड्या सजवणाऱ्या दुकानात गेलो. मालक सतबीर, दिलखुलास हरियाणवी गृहस्थ. त्याने आधी चहा मागवला आणि मग आपली शान दाखवली. बाहेर एक काळी पिकअप उभी होती, माझ्या छातीपर्यंत येईल असं बॉनेट, जाडजूड खाचांचे टायर.

"मैडम, यही करवा लो. चार इंच की लिफ्ट, सबसे बड़ा टायर. नाला क्या, पहाड़ चढ़ जाएगी."

हेमांगी गाडीभोवती एक चक्कर मारून आली. मग आमच्या गाडीतून तिने एक कुबडी काढली, डावा पाय गुडघ्यात दुमडला आणि त्या उंच गाडीच्या फाळक्यावर चढायला लागली. एकदा घसरली. दुसऱ्यांदा कोपर टेकवून पाहिलं. दुकानातली माणसं हातातली कामं सोडून बघत राहिली. तिसऱ्यांदा ती अर्ध्यावर लोंबकळली आणि सतबीरने धावत येऊन तिला धरलं.

"ये क्या कर रही हो, मैडम?"

"मेरे पेशंट ऐसे ही चढ़ते हैं," ती धापा टाकत म्हणाली. "इतनी ऊँची नहीं चलेगी."

मग ही गाडी कशासाठी लागते ते तिने त्याला समजावून सांगितलं. सतबीर खाली बसला, कागदावर गाडीचं वजन लिहिलं, सामानाचं लिहिलं. विक्रीची भाषा बाजूला राहिली आणि दोघं कामाचं बोलायला लागले. टायर फार मोठे घेतले तर ब्रेक उशिरा लागणार, ॲव्हरेज पडणार, आणि आरसी बुकातल्या मापांपलीकडे गेलं की रस्त्यात कोणीही अडवणार. शेवटी ठरलं ते असं : कंपनीने याच गाडीच्या वरच्या मॉडेलला दिलेल्या मापाचे, पण वाळू-दगडात चालणारे ऑल-टेरेन टायर. मागे जाड स्प्रिंग, म्हणजे सामान भरल्यावर गाडी बसणार नाही. उंची जेमतेम दीड इंच जास्त. पोटाखाली लोखंडी पत्रा.

"मी रोज हेच तर करते," ती मला मराठीत म्हणाली. "पाय बोटभर जरी लांब झाला तरी कंबर वाकडी होते. उंची द्यायची, पण चाल बिघडवायची नाही."

फाळक्याला घडीची पायरी आणि धरायला दांडा लावायची कल्पना सतबीरची. ते दोन्ही त्याने स्वतः उभं राहून वेल्डिंग करून घेतलं, आणि हेमांगीने पुन्हा एका पायावर चढून पाहिल्याशिवाय गाडी ताब्यात घेतली नाही.

फेब्रुवारीत आम्ही त्याच नाल्यावर आलो. हेमांगीने उतरून चारही टायरांतली हवा थोडी कमी केली, म्हणजे ते पसरतात आणि वाळूत रुतत नाहीत. गाडी वाळूवर पसरल्यासारखी हळूहळू, एकदाही न थांबता पार झाली आणि थेट अस्मिनाच्या अंगणात उभी राहिली. शेळ्या बिथरल्या, पोरं जमा झाली.

अस्मिना दांडा धरून एकटी चढली. नवा पाय चढवून उतरली, चार पावलं टाकली आणि थांबली.

"थोड़ा ऊँचा लग रहा है," ती संकोचून म्हणाली.

"बिल्कुल बताओ. इसीलिए तो आई हूँ."

हेमांगी मातीत गुडघे टेकून बसली. पाय काढला, कापला, घासला, पुन्हा बसवला. असं दुपारपर्यंत चाललं. जेवायचं कोणालाच सुचलं नाही. शेवटच्या खेपेला अस्मिना चालत गेली ती गोठ्यापर्यंत, तिथून विहिरीपर्यंत, आणि कुंपणाआड दिसेनाशी झाली. तिची सासू घाबरून हाका मारायला लागली. बऱ्याच वेळाने अस्मिना टेकडीच्या उतारावर दिसली, पुढे शेळ्या आणि मागे ती, किंचित लंगडत, कोणाकडेही न बघता.

हेमांगीने डोळ्यांवर हात धरून तिची चाल नीट पाहिली. मग फाळक्यावरची प्लास्टरची धूळ झटकली आणि मागे रांगेत कुबडीवर उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला म्हणाली, "आइए चाचा, अब आपका नंबर."